तिकीट, दंड आणि अडलेला उतारू

आगगाडींत बसावयाचें तर तिकीट पाहिजे, याबद्दल आमचा कोणाशींही वाद नाहीं. गाडी सर्वांच्या पैशानें चालते. जो फुकट बसतो तो रेल्वेला एकटीलाच बुडवीत नाहीं, शेजारीं तिकीट काढून बसलेल्या आपल्या भावालाही बुडवितो. हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. नाहीं तर पुढील मजकूर वाचून कोणी म्हणेल कीं, मास्तर आतां फुकट्यांची वकिली करूं लागले! आमची तक्रार निराळीच आहे. तिकीट नसलेल्या उतारूंमध्यें लबाड कोण आणि अडलेला कोण, हा भेद कायद्यानें केलेला आहे; पण फलाटावर आणि डब्यांत तो कोणी करीत नाहीं. शिवाय जो दंड बसतो तो ज्याचें भाडें सर्वांत कमी त्याच्याच मानेवर सर्वांत जड बसतो. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात, तें हेंच.

डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं बाजाराच्या दिवशीं आम्ही तालुक्याच्या गांवीं निघालों होतों. आमच्या गांवचे एक सुतार, वय साठीच्या पुढें, आपल्या चार वर्षांच्या नातवाला दवाखान्यांत दाखविण्यासाठीं त्याच गाडीला आले होते. आमच्याजवळ मासिक पास होता. तात्यांना तिकीट काढावयाचें होतें. स्टेशनवर खिडकी एकच उघडी, आणि तिच्यापुढें रांग थेट पाणपोईपर्यंत. गाडी आली तेव्हां तात्यांच्या पुढें अजून दहाबारा माणसें होतीं. पुढची गाडी संध्याकाळीं, आणि पोराचें अंग तर तापानें भाजत होतें. तात्या चढले.

डब्यांत तिकीट तपासनीस येतांच तात्या आपण होऊन उठले आणि म्हणाले, "साहेब, रांगेंत उभा होतों, तिकीट हातीं लागलें नाहीं. काय भाडें होईल तें घ्या आणि मला तिकीट द्या." उत्तर आलें, "टीसी दिसला कीं सगळे असेंच म्हणतात. दोनशें साठ काढा." भाडें किती? रुपये दहा! तात्यांच्या कनवटीला औषधपाण्याचे पांचशें होते. हात जोडणें झालें, घासाघीस झाली, आणि शेवटीं "दोनशें द्या, पावती मागूं नका" असा सौदा ठरला. तात्यांना वाटलें, साठ रुपये वांचले. पण उतरल्यावर स्टेशनच्या दारांत दुसरा तपासनीस उभा! तिकीट नाहीं, पावती नाहीं. "अहो, आंतल्या साहेबांना पैसे दिलेत," हें त्यानें कां ऐकावें? तेथें पुन्हां दोनशें साठ मोजावे लागले. दहा रुपयांच्या प्रवासाला चारशें साठ पडले; त्यांतले दोनशें तर रेल्वेच्या तिजोरींत गेलेच नाहींत. औषधाला उरले चाळीस.

कमी पडले ते पैसे आम्हीं दिले. पण त्यानें मनाचें समाधान झालें नाहीं. हा सारा प्रकार चालला असतां आम्ही समोरच्याच बांकावर खालीं मान घालून बसलों होतों. गांवांत ज्याला गुरुजी म्हणून रामराम घालतात, ज्याच्याकडे लोक अर्ज लिहून घेण्यास येतात, त्याला रेल्वेच्या कायद्यांतलें एक कलम ठाऊक नव्हतें! त्या शरमेपोटीं तो कायदा मिळवून वाचला. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

सध्यांचा रेल्वे कायदा १९८९ सालचा आहे. त्यांत १३७ आणि १३८ हीं दोन कलमें शेजारीं शेजारीं आहेत, पण त्यांचा अर्थ अगदीं वेगळा. १३७ वें कलम लबाडाचें. रेल्वेला फसविण्याच्या हेतूनें जो विनातिकीट बसतो, किंवा एकदां वापरलेलें तिकीट पुन्हां वापरतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. १३८ व्या कलमांत फसवणुकीचा शब्दही नाहीं. ज्याच्याजवळ तिकीट नाहीं, किंवा ज्यानें तें दाखविलें नाहीं, त्यानें भाडें आणि वर ज्यादा आकार भरावा, इतकेंच तें सांगतें. हा भेद कांहीं आजचा नव्हे. इंग्रजी अमदानींतल्या १८९० च्या कायद्यांतही तो ११२ आणि ११३ अशा दोन कलमांनीं केलेला होता. म्हणजे तिकीट नसलेला प्रत्येक माणूस चोर, असें इंग्रज सरकारनेंही म्हटलें नव्हतें. मग आज डब्यांत सर्वांदेखत म्हाताऱ्या माणसाला "फुकट्या" म्हणण्याचा अधिकार कोणाला कोठून आला?

याहून महत्त्वाचें कलम ५५ वें. तिकिटावांचून गाडींत बसूं नये, असें तें सांगतें खरें. पण अधिकार असलेल्या रेल्वे नोकराची परवानगी घेऊन बसतां येतें, हेंही तेंच सांगतें. अशी परवानगी मिळाली म्हणजे तो नोकर सामान्यतः एक दाखला देतो कीं, या उतारूला मागाहून भाडें भरण्याच्या अटीवर बसूं दिलें आहे. आणि तो दाखला जवळ असला तर ज्यादा आकार लागत नाहीं, असें १३८ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. गाडीच्या शेवटच्या डब्यांतला गार्ड, ज्याला २०२२ सालापासून ट्रेन मॅनेजर असें नांव दिलें आहे, त्याला किंवा स्टेशनमास्तरला तात्यांनीं चढण्यापूर्वीं गांठलें असतें, आणि दाखला मिळाला असता, तर दहा रुपयांतच काम झालें असतें. पण हें तात्यांना कोणीं सांगावें? आम्हांलाच ठाऊक नव्हतें!

आतां दंडाचा हिशेब पाहूं. ज्यादा आकार किती, तर भाड्याइतका किंवा अडीचशें रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल ती. १९८९ च्या मूळ कायद्यांत हा किमान आंकडा पन्नास होता. २००४ सालीं तो अडीचशें झाला. चौथीच्या मुलानें पाटीवर मांडावें असें हें उदाहरण आहे. दहा रुपयांच्या भाड्याचा उतारू सांपडला तर दोनशें साठ भरतो, म्हणजे भाड्याच्या सव्वीसपट. पन्नासवाला तीनशें भरतो, म्हणजे सहापट. आणि थंडगार डब्यांतला दोन हजारांचा उतारू सांपडला तर चार हजार भरतो, म्हणजे दुप्पट. जों जों भाडें कमी तों तों दंडाची पट जास्त! बाजाराला निघालेली माळीण, आठवड्याच्या मजुरीला निघालेला गवंडी, दवाखान्याला निघालेला सुतार, यांना सव्वीसपट. आणि ज्याला सोसतें त्याला दुप्पट.

यावर रेल्वेचे अंमलदार म्हणतील कीं, थोड्या अंतराचा दंड कमी ठेवला तर लोक जुगार खेळतील. दहा वेळां फुकट बसून एकदां सांपडले आणि दुप्पटच भरलें, तर त्यांना नफाच. हें म्हणणें खोटें नाहीं, आणि आम्हांला तें मान्य आहे. पण तो जुगारी कोण? जो तपासनीस पाहून संडासांत दडतो तो, जो मधल्या स्टेशनावर पलीकडच्या बाजूनें उडी मारतो तो. जो स्वतः उठून पैसे पुढें करतो तो जुगारी नव्हे. पकडलेल्याला आणि पुढें आलेल्याला एकाच मापानें मोजलें, तर उद्यां पुढें कोण येईल? प्रामाणिकपणाची किंमत लबाडीइतकीच असेल, तर लोक लबाडीच शिकतील. ओल्याबरोबर सुकें जळतें म्हणतात. येथें तर लबाडाबरोबर सरळ माणूस जळतो आहे.

आणि दंड न भरला तर काय होतें? तपासनीसाला उतारूस गाडींतून उतरवितां येतें. पुढें मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो, रक्कम दंडाप्रमाणें वसूल होते, आणि न भरल्यास कमींत कमी दहा दिवस आणि जास्तींत जास्त एक महिना कैद फर्मावितां येते. दहा रुपयांच्या तिकिटासाठीं दहा दिवस! ज्याच्या घरीं रोजच्या कामावर चूल पेटते त्याचे दहा दिवस म्हणजे काय, हें आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाहीं. एक गोष्ट मात्र आमच्या मायबहिणींनीं पदरांत बांधून ठेवावी. सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनावर उतरवितां येत नाहीं. जेथें ती चढली तें स्टेशन, जंक्शन, गाडीचें शेवटचें स्टेशन किंवा जिल्ह्याचें ठाणें, एवढ्याच ठिकाणीं, आणि तेंही दिवसाउजेडीं. रात्रीं आडरानांतल्या फलाटावर उतरविण्याची धमकी कोणी दिली, तर "कलम १३९ वाचा" असें निर्भयपणें सांगावें.

कायद्यानें रेल्वेवरही कर्तव्यें घातलीं आहेत, तीं मात्र कोणी मोठ्यानें वाचून दाखवीत नाहीं. भाडें देणाऱ्याला तिकीट दिलें पाहिजे आणि खिडकी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उघडी राहील तें लिहून लाविलें पाहिजे, असें ५० वें कलम सांगतें. गाड्यांच्या वेळा आणि भाड्याचें कोष्टक त्या मुलखाच्या भाषेंतही लाविलें पाहिजे, असें ४९ वें कलम सांगतें. तिकीट घेणें हें उतारूचें कर्तव्य, तर तिकीट वेळेवर हातांत पडेल अशी सोय करणें हें रेल्वेचें कर्तव्य. एकीनें चुकावें आणि दंड दुसऱ्यानें भरावा, हा कोठला न्याय? यंत्रावर तिकीट निघतें, मोबाईलवरही निघतें, हें आम्हांला ठाऊक आहे. पण तात्यांच्या मोबाईलला अजून बटणेंच आहेत. आणि ज्यांच्याजवळ मोठा मोबाईल आहे त्यांचीही बॅटरी ऐन वेळीं उतरली तर तिकीट दाखवितां येत नाहीं, आणि न दाखविलेलें तिकीट म्हणजे नसलेलें तिकीट.

पैसे भरूनही गुन्हेगार ठरणारे आणखी आहेत. २०२० च्या साथीनंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या नांवानें धांवूं लागल्या आणि दहाचें किमान भाडें तीस झालें. तें पुन्हां दहावर येण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. रूळ तेच, डबे तेच, नांव तेवढें निराळें! अशा घोळांत साधें तिकीट काढून जलद गाडींत चढलेल्याला भाड्यांतला फरक आणि वर अडीचशें पडतात. तसेंच पुण्या-मुंबईस पोटासाठीं गेलेलीं आमचीं मुलें मोबाईलवर तिकीट काढतात, तें प्रतीक्षा यादींतच राहिलें तर आपोआप रद्द होतें, पैसे परत येतात. पोरगा मात्र तोच कागद घेऊन गाडींत चढतो आणि विनातिकीट ठरतो. यांत लबाडी कोठें आहे? अडाणीपण आहे, आणि अडाणीपणावर अडीचशेंचा कर बसला आहे.

आतां दोन शब्द आपल्याच माणसांना. "विदाउट गेलों आणि विदाउट आलों" असें पारावर बसून मिशीला पीळ देऊन सांगणारे जवान आमच्या गांवांतही आहेत. त्यांना आम्ही विचारतों, बाबांनो, तुमच्या या मर्दुमकीमुळेंच तात्यांचें खरें बोलणें खोटें ठरलें कीं नाहीं? तुम्ही दहा वेळां खोटें बोललां म्हणून अकराव्याचें खरें कोणी ऐकत नाहीं. आणि दोनशें देऊन पावती सोडणें हाही शहाणपणा नव्हे. ती लांच आहे. ती घेणारा जितका दोषी, तितके देणारेही दोषी. तात्या आम्हांला वडिलांच्या ठिकाणीं आहेत, तरी हें त्यांना आम्हीं तोंडावर सांगितलें, आणि त्यांनीं तें मानलें.

म्हणून वाचकहो, इतकें करा. स्टेशनवर अर्धा तास आधीं जा. तिकिटावर गाडीचा प्रकार कोणता लिहिला आहे, तें शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. तिकीट मिळालेंच नाहीं तर चढण्यापूर्वीं गार्डला किंवा स्टेशनमास्तरला गांठा आणि दाखला मागा. दंड भरावाच लागला तर पुरा भरा, पण पावतीवांचून एक पैसाही देऊं नका. पावतीवर रक्कम आणि स्टेशनें बरोबर आहेत कीं नाहींत तें पाहा. अन्याय झाला असें वाटलें तर हातघाईवर येऊं नका. तपासनीसाच्या छातीवरचें नांव टिपून घ्या आणि १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आणि रेल्वेच्या धन्यांपाशीं आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. जो आपण होऊन पुढें येतो त्याला अडीचशेंच्या किमान आकारांतून सोडा, किंवा त्याचा आकार भाड्याच्या प्रमाणांत ठेवा. ५५ व्या कलमांतल्या दाखल्याची माहिती प्रत्येक लहान स्टेशनावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. आणि बाजाराच्या व यात्रेच्या दिवशीं दुसरी खिडकी उघडा. यांत रेल्वेचें कांहीं बुडणार नाहीं. उलट तिचे जे दोनशें रुपये पावतीवांचून वाटेंतच जिरतात ते वांचतील.

तात्यांचा नातू बरा झाला. आतां तात्या स्टेशनवर गाडीच्या तासभर आधीं जाऊन बसतात, आणि तिकीट हातीं आलें कीं तें मुंडाशाच्या घडींत खोंचतात. आम्हींही ५५ वें आणि १३८ वें कलम सोप्या मराठींत लिहून शाळेच्या भिंतीवर लाविलें आहे. मुलें तें पाठ करतात आणि घरीं जाऊन बापाला म्हणून दाखवितात. ज्या गांवांत शाळा आहे आणि ज्याच्याजवळून रूळ गेला आहे, तेथल्या प्रत्येक मास्तरानें इतकें केलें, तरी कित्येक कनवटींतले औषधाचे पैसे औषधालाच लागतील.