सिस्टिमच्या आडोशाला

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेशअर्ज, शुल्कभरणा, परीक्षा अर्ज, हॉलतिकीट, उत्तरपत्रिकांची तपासणी, निकाल आणि शिष्यवृत्ती हा बहुतेक सगळा व्यवहार आता संगणकप्रणालीतून होतो, आणि त्यात हळहळावे असे काही नाही; परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे अर्धा दिवस ताटकळून ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढेच उत्तर घेऊन ज्यांनी परतीची गाडी पकडली आहे, ते जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणार नाहीत. मात्र खिडकी बंद झाली तेव्हा तिच्यापलीकडचा माणूसही दिसेनासा झाला, आणि चूक दुरुस्त करण्याचा जो अधिकार त्या माणसाकडे किंवा त्याच्या वरिष्ठाकडे होता तो पुढे नेमका कोणाकडे गेला, हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नाही. महाविद्यालय विद्यापीठाकडे, विद्यापीठ कंत्राटदार कंपनीकडे आणि कंपनी ‘महाविद्यालयाने भरलेल्या माहिती’कडे बोट दाखवते. ‘सिस्टिममध्ये तसेच दिसते आहे’ या वाक्यावर बहुतेक तक्रारींचा शेवट होतो.

या प्रश्नाचे सर्वांत महागडे प्रात्यक्षिक मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दिले. ऑनस्क्रीन मूल्यांकन म्हणजे उत्तरपत्रिकेवर बारकोड लावून तिची पाने स्कॅन करायची आणि त्या प्रतिमा परीक्षकाला संगणकाच्या पडद्यावर दाखवायच्या. गुणांची बेरीज प्रणालीच करते, एखादे उत्तर तपासायचे राहिले तर ती अडवते, आणि उत्तरपत्रिका कोणाची आहे हे परीक्षकाला कळत नाही. कल्पना म्हणून तिच्यात खोट काढणे अवघड आहे, आणि अभियांत्रिकी शाखेत ती आधीपासून वापरातही होती. परंतु त्या वर्षीच्या उन्हाळी सत्रात विद्यापीठाने ती एकदम सगळ्या शाखांना लावली. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एवढा हा पसारा होता, आणि स्कॅनिंग व प्रणालीचे कंत्राट मार्गी लागले ते परीक्षा सुरू होऊन गेल्यावर. विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून पार सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले, संलग्न महाविद्यालये सातशेच्या वर, आणि वर्षानुवर्षे लाल पेनाने तपासणाऱ्या प्राध्यापकांना पडद्यावरच्या तपासणीचा सराव जेमतेम करून दिलेला. पुढे जे झाले ते होणारच होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे स्कॅनिंगसाठी साचले, लॉगइन होईना, पाने नीट उमटेनात, मूळ उत्तरपत्रिका आणि पुरवणी यांची ताटातूट झाली, आणि काही उत्तरपत्रिकांचा तर मागमूसच लागेना.

कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली; ती पाळण्यासाठी वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीस बसवण्यात आले, तरीही मुदत हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबत गेले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा तेव्हा नुकताच अमलात आला होता आणि निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा असे त्यातच लिहिलेले होते. मधल्या काळात परदेशी विद्यापीठांचे प्रवेश, पदव्युत्तर प्रवेश आणि हातात आलेल्या नोकऱ्या ज्यांच्या अडकल्या, त्यांची भरपाई कशानेच होणार नव्हती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात असे पहिल्यांदाच घडत होते. एवढी मोठी कारवाई झाली हे खरे, पण ती निर्णयाच्या परिणामावर झाली. निर्णय घेण्याच्या रीतीचे काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. आधी आणखी एका शाखेत चाचणी घ्यावी, तिचे निष्कर्ष अभ्यासमंडळे आणि विद्या परिषदेपुढे ठेवावेत, नवी प्रणाली रुळेपर्यंत जुनी पद्धत समांतर चालू ठेवावी, आणि अमुक इतकी स्कॅनिंग क्षमता प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पुढची शाखा जोडू नये, यांतले काहीही करण्यास तंत्रज्ञानाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती घाईची, आणि घाई करणाऱ्याला प्रश्न विचारू शकतील अशा मंडळांची किंमत कमी लेखण्याची.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता आली असती, परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे विद्यार्थ्याचे प्रणालींवरचे अवलंबन आता कितीतरी वाढले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले असून त्याचा कणा म्हणजे श्रेयांक, अर्थात अभ्यासाच्या ठराविक तासांमागे मिळणारे गुणांक होत. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत चालावेत, मध्येच शिक्षण थांबवून पुन्हा सुरू करता यावे, यासाठी २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही राष्ट्रीय पेढी उभी केली. तिचे खाते डिजिलॉकरमधून उघडते, खात्यात श्रेयांक जमा करण्याचे काम मात्र विद्यार्थ्याचे नसून संस्थेचे आहे. म्हणजे ज्या पेढीत खातेदाराला स्वतः भरणा करता येत नाही आणि भरणा झाला नाही तर कोणत्या काउंटरवर जायचे ते ठाऊक नाही, अशा पेढीवर त्याची पदवी आता विसंबून आहे.

यातली एक अडचण खास महाराष्ट्राची आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. येथील गुणपत्रिकेवर नाव लिहिण्याची रीत आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव अशी आहे. आधार कार्डावर मात्र बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो आणि आईचे नाव नसतेच. त्यात देवनागरीतले एकच नाव रोमन लिपीत चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेले, आणि लग्न झालेल्या विद्यार्थिनीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेले. माणसाला ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे क्षणात कळते. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला त्यांत दोन व्यक्ती दिसतात. ज्या राज्यातल्या बहुतेक गुणपत्रिका याच क्रमाने छापल्या जातात, तेथे ही जुळणी कशी करायची याचा एक नियम ठरवून प्रणालीत घालणे हे विद्यापीठांचे काम होते. प्रत्यक्षात ते काम विद्यार्थ्यावर टाकले जाते, आणि तो आधार केंद्र, राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांच्या फेऱ्यांत सत्र घालवतो.

शिष्यवृत्तीच्या ‘महाडीबीटी’ या पोर्टलची कथाही फारशी वेगळी नाही, आणि तेथे फटका बसतो तो ज्याला तो सर्वांत कमी सोसतो त्याला. अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगइनला, तेथून प्राचार्यांच्या आणि पुढे संबंधित खात्याच्या लॉगइनला जातो, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. कागदावर ही साखळी निर्दोष आहे. पण तालुक्याच्या गावी अर्ज भरला जातो तो नेटकॅफेत किंवा सेवा केंद्रात. घाईच्या दिवसांत चालक कधी आपलाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकून मोकळा होतो, आणि त्यानंतर प्रत्येक ओटीपी, ‘अर्ज परत पाठवला आहे’ ही प्रत्येक सूचना विद्यार्थ्याऐवजी त्या दुकानात पोहोचते. सुरुवातीच्या वर्षांत तर रक्कम मंजूर झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतः लॉगइन करून व्हाउचर वटवणे आवश्यक होते. ज्याला लॉगइनच माहीत नाही त्याने ते कसे वटवावे, याचा विचार आखणीच्या वेळी कोणी केला होता असे दिसत नाही. याच मार्गाने जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुकाच्या प्रती परक्या संगणकांवर साठून राहतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, परंतु त्या दुकानातल्या ‘डाउनलोड्स’च्या कप्प्यापर्यंत तो पोहोचण्याची चिन्हे नाहीत.

मग प्रणाली बाहेरून विकत घ्यावी की स्वतः उभारावी? महाराष्ट्राने २००१ मध्ये ‘महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन’ स्थापन करून या प्रश्नाला एक उत्तर दिले होते, आणि राज्यातील अनेक विद्यापीठांचा कारभार दीर्घकाळ तिच्या प्रणालीवर चालला. अलीकडे दिल्ली विद्यापीठाने केंद्र सरकारच्या योजनेतून विकसित केलेली ‘समर्थ’ ही प्रणाली देशभर पसरते आहे आणि राज्यातील विद्यापीठांतही ती शिरली आहे. ती मुक्त स्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली पाहता व बदलता येते अशा तंत्रावर उभी असल्याने एका कंपनीच्या मर्जीवर राहण्याचा धोका तरी कमी होतो. तेव्हा मालकी कोणाची हा प्रश्न निम्मा सुटलेला आहे. न सुटलेला भाग स्थलांतराचा आहे. प्रणाली बदलते तेव्हा नव्या तुकडीची माहिती सुखाने नव्या घरात जाते. अडकतात ते तीन वर्षांपूर्वीचा एक विषय एटीकेटीवर राहिलेले, महाविद्यालय बदललेले, आजारपणामुळे खंड पडलेले विद्यार्थी, ज्यांच्या नोंदी दोन प्रणालींच्या मधल्या सांध्यात पडतात आणि निकालापुढे ‘राखीव’ असा शेरा येतो. प्रणालीची परीक्षा नव्याण्णव सरळ प्रकरणांवर घ्यायची नसते, ती या शंभराव्यावर घ्यायची असते. निविदा मात्र सरळ प्रकरणांचे प्रात्यक्षिक पाहून मंजूर होतात.

म्हणून मागणी नव्या पोर्टलची नाही; पोर्टले पुरेशी झाली आहेत. प्रत्येक प्रणालीमागे, प्रत्येक महाविद्यालयात आणि विद्यापीठात, नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी नावानिशी जाहीर झाला पाहिजे, दुरुस्तीची मुदत दिवसांत ठरली पाहिजे, आणि चूक विद्यार्थ्याची नसेल तर ती सुटेपर्यंत त्याचे हॉलतिकीट, प्रवेश किंवा निकाल अडता कामा नये. असा नियम लिहायला एक परिपत्रक पुरते. तो लिहिला जात नाही, कारण लिहिल्यावर बोट दाखवायला पुढे कोणी उरत नाही.

विद्यापीठांच्या अधिसभांपुढे दरवर्षी मार्चच्या सुमारास अर्थसंकल्प येतो आणि त्यात संगणकीकरणाच्या शीर्षाखालची रक्कम बहुधा चर्चेविना मंजूर होते. या वेळी सदस्यांनी त्या रकमेला हात घालण्यापूर्वी तीन कागद मागावेत: चालू कंत्राट संपल्यावर विद्यार्थ्यांची माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल हे सांगणारे कलम, गेल्या सत्रात राखीव राहिलेल्या निकालांची कारणनिहाय यादी, आणि त्या यादीतील प्रत्येक प्रकरण किती दिवसांनी व कोणाच्या सहीने मिटले याची नोंद. पहिला कागद कुलसचिवांच्या कार्यालयात असेल. उरलेले दोन परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असायला हवेत; नसतील, तर ते तयार होईपर्यंत त्या शीर्षाखालची तरतूद रोखून धरण्याचा आग्रह अधिसभेने धरावा.