कानात तेल घालण्याआधी

रात्री दोन वाजता पोरगं कान धरून रडायला लागतं. घरातलं कुणीतरी लसूण टाकून तेल कढवायला घेतं. थांबा. कानाचा पडदा फुटलेला असेल, तर ते तेल थेट आत उतरतं. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल द्या, डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलंय तेवढंच. सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या.

हो, नेहमीच्याच. दर वेळी शहर गाठायची गरज नसते. बहिरेपणा टाळण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही कानाच्या आजारांचं प्रशिक्षण दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये अशा प्रशिक्षणासाठी पुस्तिकाच काढली.

तुम्ही एक करा. कान न बघताच थेंब लिहून दिले, तर विचारा, "डॉक्टर, आत बॅटरीने बघता का जरा?" चांगला डॉक्टर रागावत नाही. मुलाला मांडीवर आडवं बसवा. तुमचा एक हात त्याच्या कपाळावर, दुसरा त्याच्या हातांवर. डॉक्टर कान हलकेच मागे ओढून आत बघतील. अर्ध्या मिनिटाचं काम. मळ आहे, पडदा लाल आहे की भोक पडलंय, ते बघूनच औषध ठरतं.

कान वाहत असेल, तर "दात येतायत, वाहायचाच" म्हणून सोडू नका. सारखा वाहणारा कान कमी ऐकू लागतो. मग मागच्या बाकावरचं पोर उगाच ढ ठरतं. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात ठेवा. पाणी जाता कामा नये.

नाकाचा घोळणा फुटला, तर डोकं मागे करू नका. रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून बसवा. नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, घड्याळ लावून १० मिनिटं. थांबलं का म्हणून मध्येच सोडून बघायचं नाही, सगळे तिथेच चुकतात. आजीला कांदा हुंगवायचाच असेल तर हुंगवू द्या, चिमटी सोडू नका.

रिमोटचा चपटा सेल नाकात किंवा कानात गेला, तर मात्र सकाळची वाट बघू नका. काही तासांत आतून जळतं. पाणी, थेंब काही घालू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि सकाळी उठल्यावर एका कानाला फोन ऐकूच येईना, तर "मळ असेल" म्हणत आठवडा काढू नका. नसेला इजा असेल, तर औषधाचा गुण पहिल्या काही दिवसांतच येतो. डॉक्टरांनी कानाच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, की त्याच दिवशी निघा.