महामार्ग रुंदावतो, भूमिहीन माणूस कुठे जातो?

पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्त्याचा इतिहास नेहमी आकड्यांत सांगितला जातो. आधी तो राष्ट्रीय महामार्ग ९ होता, २०१० च्या फेररचनेत ६५ झाला. दुपदरीचा चौपदरी झाला, वरवडे आणि सावळेश्वरला टोलनाके आले. पुढे सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी, अक्कलकोट, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या जमिनींवर आखणी झाली. या इतिहासात वाट राखणारी आणि रस्ता बांधणारी माणसे मात्र सापडत नाहीत.

वाटसरूला वाट दाखवणे, सरकारी निरोप पुढच्या गावाला पोचवणे ही महारांची वतनी कामे होती. बदल्यात मिळायचे तुटपुंजे बलुते आणि वतनी जमिनीचा तुकडा. ही वेठबिगारी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. जमिनी परत मिळाल्या, पण नव्या व अविभाज्य शर्तीवर. त्या शर्तीची जमीन बिगरशेतीसाठी विकायची तर परवानगी हवी, नजराणा हवा. महामार्गामुळे भाव वाढला की जुन्या शर्तीच्या शेजाऱ्याचा ढाबा उभा राहतो आणि आपला माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

ज्यांच्याकडे तेवढाही तुकडा नव्हता, ते १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामांवर खडी फोडायला गेले. त्यांची नातवंडे आज बागायतदाराच्या रानात रोजंदारी करतात. ते रान महामार्गात गेले की मालकाला मोबदला मिळतो. मजुराचा रोजगार बुडाला, त्याची नोंद कोण करतो?

कायदा इथे आपल्या बाजूने बोलतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील 'बाधित कुटुंब' या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीरही येतात. अट एवढीच, की संपादनापूर्वी तीन वर्षे ते तिथे राबत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित झालेली असावी. २०१५ मध्ये या कायद्याची मोबदला आणि पुनर्वसनाची परिशिष्टे महामार्गाच्या संपादनालाही लागू झाली. त्याआधी १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले जायचे. २०१९ मध्ये तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद कलम १४ च्या विरुद्ध ठरवला. म्हणजे शेवटी कामी आले ते संविधानच.

आपण रस्त्यांच्या विरोधात नाही. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी धरणे आणि विजेच्या योजनांची आखणी केली. विकास हवाच. प्रश्न त्यातल्या वाट्याचा आहे.

शेतकऱ्यांचे मोर्चे निघतात आणि त्यांची मागणी रास्तही असते. पण त्या मोर्चात मजुराची मागणी आपोआप येत नाही, ती आपल्यालाच न्यावी लागेल. कलम ३ए ची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. म्हणून गावातल्या पोरांनी अधिसूचनेतले गट नंबर आधी वाचावेत. त्या गटांत राबणाऱ्या मजुरांची, वाटेकऱ्यांची नावे आणि वर्षे लिहून काढावीत. वर्ग २ च्या जमिनींची यादी वेगळी करावी. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि सक्षम अधिकाऱ्याकडून अर्जाची पोच घ्यावी.

मोबदल्याची यादी सातबारा पाहून तयार होते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची यादी तयार करणे हे आपले काम आहे.

जयभीम!