हॉर्सपॉवर स्वस्त झाली, मग २५ कोटींची सुपरकार विकते तरी काय?

एप्रिल २०२५. जर्मनीतला नुर्बर्गरिंग ट्रॅक, २०.८ किलोमीटरचा एक राउंड. शाओमीच्या एसयू७ अल्ट्रा या चार दरवाजांच्या इलेक्ट्रिक गाडीनं तो ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांत पूर्ण केला. हो, तीच शाओमी, जिचा फोन कदाचित आत्ता तुमच्या हातात असेल. त्याआधी विक्रीला असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये इथला विक्रम क्रोएशियाच्या रिमाक नेव्हेराच्या नावावर होता: ७ मिनिटं ५.२९८ सेकंद.

फरक अर्ध्या सेकंदाचाही नाही. पण किमती बघा. नेव्हेरा २० लाख युरोची, म्हणजे साधारण २० कोटी रुपयांची, आणि एकूण १५० च बनवायच्या असं ठरलेलं. एसयू७ अल्ट्रा चीनमध्ये ५,२९,९०० युआनला मिळते, म्हणजे ६०-६५ लाख रुपयांना. ट्रॅकसाठीच्या जादा सामानाचे पैसे वेगळे, पण तरीही!

यातून एक गोष्ट कळते. हॉर्सपॉवर आता स्वस्त झाली आहे. मग सुपरकार बनवणाऱ्यांनी विकायचं काय? याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर देणारी गाडी म्हणजे गॉर्डन मरे यांची टी.५०. फक्त १०० गाड्या, किंमत कर सोडून २३.६ लाख पौंड, म्हणजे आजच्या दरानं २५ कोटींच्या वर. टर्बो नाही, हायब्रिड नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही नाही.

आधी आकड्यांचा हिशोब

एसयू७ अल्ट्राची ताकद १,५४८ हॉर्सपॉवर. टी.५० ची साधारण ६६०. नुसतं स्पेसिफिकेशन बघून निर्णय घ्यायचा तर विषयच संपला.

आता वजन बघू. एसयू७ अल्ट्रा २,३०० किलोच्या वर जाते. टी.५० भरते ९९७ किलो. ताकदीला वजनानं भागलं की दोन्ही गाड्या प्रत्येक टनामागे ६५०-६६० हॉर्सपॉवरच्या आसपास येतात. म्हणजे शाओमीनं दुपटीहून जास्त ताकद टाकून जे गुणोत्तर गाठलं, ते मरे यांनी वजन अर्ध्याहून कमी ठेवून गाठलं.

मग सारखंच झालं की! सरळ रस्त्यावर कदाचित हो. ब्रेक मारताना आणि वळताना मात्र नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. एकाच वेगातून थांबायचं असेल तर २,३०० किलोच्या गाडीच्या ब्रेकना ९९७ किलोच्या गाडीपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता सोसावी लागते. वळणावर टायरला जो जोर लावावा लागतो तोही वजनाच्याच प्रमाणात. जास्त हॉर्सपॉवर यातलं काहीच कमी करत नाही.

९९७ किलो आणायचे कसे?

कार्बन फायबरची बॉडी लावली की झालं, असं वाटतं. पण कार्बन फायबर आज सगळ्याच सुपरकारमध्ये असतं, आणि तरी त्यातल्या बऱ्याच दीड टनाच्या पुढे जातात. इथं प्रत्येक भागाचा वेगळा हिशोब झाला. व्ही-१२ इंजिन १७८ किलोचं. ड्रायव्हरची सीट ७ किलोची. दहा स्पीकरची म्युझिक सिस्टिम ३.९ किलोची. गाडीचा आकारही आटोपशीर, लांबी ४.३५ मीटर.

आणि एक हलकी गोष्ट दुसरीला हलकं करते. गाडी हलकी म्हणून ब्रेक लहान चालतात, ब्रेक लहान म्हणून चाकं लहान चालतात, त्यामुळे सस्पेन्शन हलकं होतं. उलटा प्रवासही असाच होतो. मोठी बॅटरी घातली की ती पेलायला मजबूत ढाचा लागतो, तो थांबवायला मोठे ब्रेक, आणि हे सगळं ओढायला परत मोठी बॅटरी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे चक्र ओळखीचं वाटतं. फोनमध्ये रॅम वाढली की अ‍ॅप जड होतात, अ‍ॅप जड झाले की अजून रॅम लागते. फीचर टाकणं सोपं असतं, काढायला बसलं की घाम फुटतो.

इंजिन मध्येच का?

टी.५० चं इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आहे. याला मिड-इंजिन म्हणतात. एक प्रयोग करून बघा. पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या हातात घ्या, हात बाजूला लांब करा आणि जागेवर झटकन वळा. मग त्याच बादल्या अंगाला चिकटवून वळा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी वळणं कितीतरी सोपं जातं, आणि थांबणंही. गाडीतली जड वस्तू मध्याजवळ असली की गाडी वळणात अशीच पटकन तोंड फिरवते.

मरे यांनी ड्रायव्हरलाही मधोमध बसवलं आहे, दोन्ही बाजूंना जरा मागे एकेक प्रवासी. हीच मांडणी त्यांनी १९९२ मध्ये मॅक्लारेन एफ१ मध्ये केली होती. त्या गाडीचं वजन १,१३८ किलो होतं. तीस वर्षांत बहुतेक गाड्या जाड झाल्या, यांची बारीक झाली.

१२,१०० आरपीएम म्हणजे काय?

हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनच्या फेऱ्या. टॉर्क वाढवायचा तर मोठं इंजिन किंवा टर्बो हवा, आणि दोन्हींत वजन वाढतं. दुसरा मार्ग म्हणजे लहान इंजिन प्रचंड वेगानं फिरवायचं. कॉसवर्थनं बनवलेलं हे ३.९ लिटरचं इंजिन १२,१०० आरपीएमपर्यंत जातं. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल कारचं इंजिन सहा-सात हजारांवर हात टेकतं.

१२,१०० म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या. बारा सिलिंडर मिळून सेकंदाला १,२०० हून जास्त स्फोट. एवढ्या वेगात प्रत्येक पिस्टन सेकंदाला चारशे वेळा दिशा बदलतो. तो जरासा जड असला तरी ओढीनं कनेक्टिंग रॉड तुटेल, म्हणून आतले भागही हलके आणि मजबूत लागतात. फायदा हा की पाय दाबल्याबरोबर इंजिन उसळतं. मध्ये टर्बोची वाट बघावी लागत नाही.

मागचा पंखा

गाडीच्या मागे ४०० मिलिमीटरचा पंखा आहे, ४८ व्होल्टवर चालणारा. याचं मूळ १९७८ मध्ये आहे. तेव्हा मरे यांनी ब्रॅबहम संघासाठी मागे मोठा पंखा असलेली फॉर्म्युला वन गाडी बनवली. स्वीडनमधली शर्यत निकी लाउडानं तिच्यावर जिंकली आणि त्यानंतर ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. ती व्हॅक्यूम क्लीनरसारखी खालची हवा ओढून जमिनीला चिकटायची.

टी.५० चा पंखा वेगळं काम करतो. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावा. पाणी वळणाला चिकटून वाहतं, पण वळण फार तीव्र असेल तर सुटून जातं. गाडीच्या पोटाखालून मागे वर चढणाऱ्या भागावर, म्हणजे डिफ्यूझरवर, हवेचंही तसंच होतं. चढण तीव्र केली तर जास्त खेच मिळायला हवी, पण हवा पृष्ठभाग सोडते. पंखा ही सुटू पाहणारी पातळ हवा शोषून घेतो, त्यामुळे तीव्र चढणीवरही हवा चिकटून राहते आणि गाडी खाली दाबली जाते. जोरात ब्रेक मारला की हा दाब आपोआप वाढतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार ताशी २४० किमीवरून थांबताना सुमारे १० मीटर वाचतात.

यातली खुबी अशी की टायरवरचा दाब वाढतो, पण वळवायचं आणि थांबवायचं वजन वाढत नाही.

ताबा कुणाचा?

मे २०२५ मध्ये शाओमीनं एक अपडेट पाठवलं. एसयू७ अल्ट्राची ताकद त्यामुळे सुमारे ९०० हॉर्सपॉवरवर बांधली गेली. पूर्ण १,५४८ हवी तर ठरलेल्या ट्रॅकवर ठरलेल्या वेळेत राउंड मारून दाखवा, अशी अट. मालक भडकले आणि कंपनीनं अपडेट मागे घेतलं. सुरक्षेचा मुद्दा खोटा नव्हता, दीड हजार हॉर्सपॉवर कुणाच्याही पायाखाली देणं ही गंभीर गोष्ट आहे. पण पैसे भरून घेतलेली ताकद रात्रीत अपडेटनं कमी होऊ शकते, हेही त्या मालकांना कळलं.

टी.५० मध्येही सॉफ्टवेअर आहे, पंखा तेच चालवतं. पण क्लच पायानं, सहा गिअर हातानं, आणि स्टिअरिंगला मोटरची मदत फक्त कमी वेगात. चूक झाली तर ती ड्रायव्हरची, आणि मजाही त्याचीच. याच अनुभवाचे २५ कोटी.

श्रीमंत गिऱ्हाइकांना हे पटतंय असं दिसतं. खुद्द रिमाक कंपनीचे संस्थापक माटे रिमाक यांनी २०२४ मध्ये सांगितलं, की या वर्गाला इलेक्ट्रिक हायपरकारची फारशी ओढ नाही. त्याच वर्षी त्यांच्या हाताखालच्या बुगाटीनं ८.३ लिटरचं व्ही-१६ इंजिन असलेली टूर्बियाँ आणली, अर्थात सोबत इलेक्ट्रिक मोटर ठेवून. आपल्या महिंद्रा समूहाच्या मालकीच्या पिनिनफरिनाची १,९०० हॉर्सपॉवरची बतिस्ता याच बाजारात उभी आहे, तीही पूर्ण इलेक्ट्रिक.

मग इलेक्ट्रिक हरली का?

अजिबात नाही. शून्य ते शंभरच्या शर्यतीत नेव्हेरा किंवा बतिस्ता टी.५० ला मागे टाकतील. रोजच्या वापराला, शहरातल्या हवेला इलेक्ट्रिकच बरी. टी.५० पेट्रोल जाळते, फक्त १०० जणांना मिळते, आणि ते शंभर जण ती घेऊन ऑफिसला जाणार नाहीत. मरे यांनी तर टॉप स्पीडचं लक्ष्यच ठेवलं नव्हतं.

पण तिच्यातला धडा २५ कोटींचा नाही, फुकट आहे. उद्या तुम्ही इलेक्ट्रिक स्कूटर, बाईक किंवा पहिली कार बघायला जाल. ब्रोशरमध्ये ताकद आणि रेंज ठळक अक्षरांत असेल. खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: कर्ब वेट, म्हणजे रस्त्यावर उभ्या गाडीचं वजन. दोन मॉडेलमध्ये गोंधळ झाला तर ती ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. ब्रेक, टायर, मायलेज आणि वळणावरचा विश्वास, या सगळ्यांवर त्या एका आकड्याचा परिणाम होतो.