रोमची भिंत आणि चांद्याचा परकोट

"त्यांनी जपलंय रे, आपल्याकडे आहे काय?" रोम पाहून आलेल्या माझ्या एका कोर्समेटचं हे वाक्य. तेही कुठे, तर जबलपूरच्या गोरखपूर बाजारात, जिथून गोंडांचा मदनमहाल हाकेच्या अंतरावर आहे. आणि साहेब मूळचे नागपूरचे!

ऑरेलियनची ती भिंत मीही चाललोय. थोर आहे, वाद नाही. पण २७१ साली उत्तरेकडच्या टोळ्या इटलीत घुसल्या, म्हणून धास्तावलेल्या राजधानीने घाईघाईने घातलेला हा १९ किलोमीटरचा तट. वाटेत आलेली थडगी, आखाडे, सगळं त्यातच चिणलं. आपण मात्र साम्राज्याचं वैभव म्हणून फोटो काढतो.

आता आपला चांदा, म्हणजे चंद्रपूर. (गढ्याचे गोंड वेगळे, चांद्याचे वेगळे, हे आधीच सांगतो.) खांडक्या बल्लाळशाहने सुरू केलेला आणि पुढच्या राजांनी पुरा केलेला परकोट सुमारे ११ किलोमीटरचा आहे आणि बराचसा आजही उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. चोर खिडकी, मसण खिडकी. नावांवरूनच कळतं कोण कुठून जायचं. फौजी हिशेब करा : दर वीस मीटरला एक संत्री, तीन पाळ्या. नुसत्या पहाऱ्याला साडेसोळाशे जवान! मे १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूच्या शिबंदीने याच तटावरून इंग्रजांच्या तोफांना तोंड दिलं.

आणि आपण? ताडोब्याच्या वाघासाठी चंद्रपूरपर्यंत येतो आणि परकोटाकडे न बघता परततो. स्पष्टच बोलतो. हा तट महाराजांचा नाही, गोंडांचा आहे, म्हणून. २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा मीही पेढे वाटले. पण गोंड राजाचं नाव आलं की आमच्या दुर्गप्रेमाला धाप लागते.

पैसा नाही म्हणू नका. २०१७ पासून इको-प्रोच्या पोरांनी स्वतःच्या हातांनी तटावरची झुडपं काढली, राडारोडा उपसला. रोमचंही सगळं आलबेल नाही. २००१ मध्ये तिथल्या भिंतीचा मोठा तुकडा कोसळलाच. आणि जटपुऱ्याच्या ट्रॅफिकचं रडगाणं नको. रोमने दरवाज्यांशेजारी कमानी काढून गाड्या आत घेतल्या, भिंत ठेवली. आपल्याकडे संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, असा कायदा आहे. कागदावर.

सकाळची सफारी झाली की संध्याकाळ मोकळीच असते. बिनब्यापासून चालायला लागा. (मे महिना असेल तर पाणी जास्त घ्या, चांद्याचं ऊन कुणाची रँक बघत नाही.) दरवाज्यावरचा हत्तीला नमवणारा सिंह पोरांना दाखवा. तो कुणाचा, हे मात्र आधी स्वतः वाचून जा.