बुलेटचा ठोका आणि सायलेन्सरचा गोंगाट

वस्तीत रात्री कोणाची गाडी आली, हे घरातली माउली दार न उघडता सांगते. ही बुलेट, ही स्प्लेंडर, आणि हा कोपऱ्यावरच्या पोराचा नवा सायलेन्सर! गाडीचा आवाज ही गाडीची ओळख असते. ती कशी तयार होते आणि ती बदलण्याच्या नादात आपण काय गमावतो, हे आज पाहू. तरुण मित्रांनी हे वाचावेच, पण ज्यांच्या पगारातून गाडीचे हप्ते जातात त्या आईवडिलांनीही वाचावे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जाते. पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. त्यानंतर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि आत कोंडलेला तापलेला वायू झटक्यात बाहेर पडतो. हा झटका म्हणजेच गाडीचा मुख्य आवाज. झटका किती मोठा, सेकंदाला किती वेळा, आणि दोन झटक्यांमधले अंतर सारखे की कमीजास्त, या तीन गोष्टींवर गाडीचा सूर ठरतो. बाकीचे काम सायलेन्सरचे.

आता उदाहरणे घेऊ. जुन्या बुलेट ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे, सिलिंडर एकच. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, पण त्याची वरखाली धाव ९० मिलिमीटर. म्हणजे मोठा आणि लांब पल्ल्याचा पिस्टन. जोडीला जड फ्लायव्हील, त्यामुळे ते इंजिन अगदी सावकाश फिरूनही बंद पडत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. क्रँक मिनिटाला ९०० फेरे फिरत असेल तर स्फोट झाले ४५०, म्हणजे सेकंदाला सात-आठ. इतके ठोके आपला कान सुटे सुटे ऐकतो. बुलेटची डुगडुग ती हीच.

१९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे. पिस्टनचा व्यास ५० आणि धाव ४९.५ मिलिमीटर. झटका लहान, आणि उभ्या गाडीतही फेरे जास्त. रस्त्यावर ६,००० फेऱ्यांना सेकंदाला ५० स्फोट होतात. सेकंदाला साधारण वीसच्या पुढे ठोके गेले की कानाला ते सुटे न वाटता सलग सूर वाटतो. म्हणून स्प्लेंडर गुणगुणते, बुलेट ठोके देते.

यामाहा आरएक्स १०० आठवते का? १९८५ ते १९९६ या काळात ती आपल्या देशात तयार झाली. अवघी ९८ सीसी, पण तिचा टणटणीत आवाज गल्लीच्या टोकापासून ओळखू येई. ती टू स्ट्रोक होती. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणजे ६,००० फेऱ्यांना सेकंदाला १००. शिवाय त्यात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली येता येता भिंतीतले भोक एकदम उघडतो, म्हणून आवाज कर्कश आणि धारदार. अशा गाड्यांच्या सायलेन्सरची आतली घडण अशी असते, की बाहेर गेलेल्या दाबाची लाट परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग झाला. त्याचा आकार बदलला की ताकद बिघडते.

झटक्यांमधले अंतर कमीजास्त असले की काय होते, हे अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसनवरून कळते. तिचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले. त्यामुळे पहिल्या स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो आणि पुढचा ४०५ अंशांनी. ती लंगडी लय हीच त्या गाडीची खूण. हा आवाज आपल्या नावावर नोंदवावा म्हणून कंपनीने १९९४ मध्ये अर्ज केला होता. बराच वाद झाला आणि २००० मध्ये तो मागे घेतला.

थोडक्यात, आवाजाचा मूळ स्वभाव इंजिनाच्या रचनेत असतो. बाजारातला सायलेन्सर त्याला मोठा करतो, फाटका करतो, पण १०० सीसीच्या गाडीची बुलेट करू शकत नाही.

मग बाजारी सायलेन्सरमध्ये वेगळे असते तरी काय? कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे, पडदे आणि भोकांच्या नळ्या असतात. त्यांतून फिरताना आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळून मरतात. काहींत काचेचा कापूस भरलेला असतो, तो आवाज शोषतो. अलीकडच्या गाड्यांत धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच मार्गात असतो. बाजारी नळीत यातले बरेचसे काढून टाकलेले असते. आपण पैसे देऊन जास्त वस्तू घेत नाही, कमी वस्तू घेतो!

"आवाज वाढला की पिकअप वाढतो," असे पोरे म्हणतात. मोकळ्या नळीने ताकद वाढवायची तर पेट्रोल-हवेचे प्रमाणही नव्याने बसवावे लागते. ते न करता नुसती नळी बदलली तर लहान इंजिनाची खालची ओढ उलट कमी होऊ शकते. मोठा आवाज कानाला ताकदीसारखा वाटतो एवढेच. फटाका वाजवणाऱ्यांचे तर विचारूच नका. चालत्या गाडीची ठिणगी बंद करायची, न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊ द्यायचे आणि तिथे त्याचा भडका उडवायचा. ते पेट्रोल आपल्याच खिशातले असते.

आणखी एक नुकसान कोणी सांगत नाही. चांगला मेकॅनिक गाडी आधी कानाने तपासतो. टॅपेटची टिकटिक, टायमिंग चेनची खरखर, चढावर होणारे नॉकिंग, ही सगळी इंजिनाची दुखणी आवाजातून कळतात. बोंबलणाऱ्या सायलेन्सरखाली ती दबून जातात आणि कळतात तेव्हा इंजिन उघडायची वेळ आलेली असते. ज्याची गाडी हेच पोटाचे साधन आहे, घरोघर पार्सल पोचवायचे आहे, त्याचे आठवड्याचे उत्पन्न तिथे बुडते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. आवाजाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि तीन महिने लायसन्सलाही मुकावे लागते. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, ते फोटो आपण पाहतोच. घराच्या जमाखर्चात हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, ते आईला विचारून पाहा.

आवाज मोजायचे माप डेसिबल. त्याचा हिशेब रुपयांसारखा सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आपल्या वस्त्यांत घराला घर लागलेले. भिंत एका विटेची, वर पत्रा. बंगल्यातला माणूस खिडकी लावून घेतो, आपण काय लावणार? रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी झोपतो, दहावीची मुलगी रात्री अभ्यासाला बसते, तान्हे बाळ दचकून उठते. ही सगळी आपलीच माणसे. रॅलीत, वरातीत गाड्यांचे कान फाडणारे आवाज काढताना याचा विचार झाला पाहिजे.

मित्रांनो, गाडीचा शौक वाईट नाही. कंपनीचा सायलेन्सर गंजला तर त्याच मॉडेलचा बसवा. बेंड जिथे इंजिनाला जोडतो तिथला गॅसकेट फुटला असेल तर तो बदला. अनेकदा फुटका आवाज तेवढ्याने जातो. टॅपेट वेळेवर सेट करून घ्या. आणि गाडीचे खरेच वेड असेल तर आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घ्या. गाडी मोठ्याने वाजवणारे गल्लीत पुष्कळ आहेत. तिचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा एखादाच असतो, आणि त्याच्या दारात गिऱ्हाईक चालत येते.