कोंबडी पोटभर खाते, मग अंडं मऊ का?

भंडारा जिल्ह्यातलं चिखला बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मँगनीजच्या खाणीमुळे. पण घर खाणीच्या पगारावर चालणारं असो की धानाच्या शेतीवर, परसात चार कोंबड्या असल्या की अंड्यांचे पैसे बहुधा बाईच्याच हाती राहतात. हे पैसे आटले की कुणाकडे मागायचे?

धानाच्या मुलखात गिरणीवरून कणी आणि कोंडा स्वस्तात मिळतो. रोज ओंजळभर कणी फेकली की आपलं काम झालं असं वाटतं. कोंबडी गुबगुबीत होते, पण अंडी कमी होतात, नाहीतर पातळ कवचाचं अंडं पडतं. मग दोष कुणाच्या तरी नजरेला! जरा हिशेब करून पाहा. रोजच्या रोज अंडं देणारी संकरित कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते आणि तिला १७-१८ ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम कणीत ती जेमतेम आठच. शिवाय एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कणीत ते नावापुरतं असतं. मग बिचारी ते आपल्या हाडांतून काढते.

विकतचा दाणा घ्यायचा तर पोत्यावर ‘लेअर’ लिहिलेलं पाहून घ्या. प्रथिनं शेकडा १६ ते १८ आणि कॅल्शियम शेकडा साडेतीन-चार असावं. ब्रॉयलरचा दाणा मांस वाढवण्यासाठी असतो, तो इथे उपयोगाचा नाही. आणि लेअरचा दाणा पिल्लांना मुळीच घालू नये; एवढ्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. पहिलं अंडं येण्याच्या सुमारास तो सुरू करावा.

घरी करायचा असेल तर १० किलोला मका किंवा कणी ५ किलो, ताजा कोंडा दीड किलो, सोयाबीनची ढेप २ किलो, सुकट किंवा सुके झिंगे कुटून अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा १ किलो आणि २५-३० ग्रॅम मीठ. सुकट खारवलेली असली तर मीठ घालूच नका. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबडीला संध्याकाळी यातला ४०-५० ग्रॅम पुरे होतो, बाकीचे किडे-पाला ती स्वतः शोधते. तिच्यासाठी चुरा मिश्रणात न घालता वेगळ्या वाटीत ठेवला तरी चालेल. लागेल तेवढाच ती टिपते.

तलावांच्या या जिल्ह्यात शिंपल्यांना तोटा नाही. धुऊन, भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून चांगली बारीक करा, नाहीतर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते. हे संध्याकाळी द्यावं. कवच बरंचसं रात्रीतच बनतं.

शेंगदाण्याच्या ढेपेला पावसाळ्यात बुरशी येते. वास आला तर ती फेकून द्या, काटकसर नको. खवट कोंडाही नको. आणि जवसाची ढेप गुरांना चालते म्हणून कोंबड्यांना घालू नका, त्यांना ती बाधते. खाणीजवळच्या बायांना एक सांगते, कवचाला मँगनीज लागतं खरं, पण ते कोंड्यातच भरपूर असतं. खाणीची खडी टाकायला नको.

मे महिन्यात उन्हाच्या तडाख्याने कोंबडी खाणंच टाकते. तेव्हा दाणा पहाटे आणि दिवेलागणीला घालावा, पाण्याचं मडकं सावलीत ठेवावं आणि दिवसातून दोनदा पाणी बदलावं.